विचारल्याशिवाय औषध नाही

"कोणी विचारलं तर छातीत कळ आली म्हणून सांगजा. बाकी काही बोलू नका."

स्वयंपाकघराच्या पडद्यापलीकडून मधुकरकाकांचा दबलेला आवाज आला. मी आत चहाचे कप विसळत होते. बाहेर अंगणात मांडव घातला होता. आत्याच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या आणि पुण्यानुमोदनासाठी आजूबाजूच्या गावांहून बाया येऊन बसत होत्या. माझे बाबा काहीतरी पुटपुटले, ते मला नीट ऐकू आलं नाही. काकांचं उत्तर मात्र स्पष्ट आलं. "दादा, रक्त थांबवायचं औषध देणारी बाई रक्त जाऊन मेली म्हणतील लोकं. उद्या तिचं औषध कोण घेईन? सारी जिंदगी घातली तिनं त्यात."

काका वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगायला हवं. आत्या विधवा होऊन माहेरी परतली तेव्हा शेवटची खोली त्यांनीच तिला मोकळी करून दिली होती. तिच्या माठांना लागणारं सरपण, गूळ, मनुका आयुष्यभर तेच आणत आले. ती गेल्यावर त्यांनी चंद्रपूरला जाऊन लेबलं छापून आणली. वर तिचा चष्म्यातला फोटो आणि खाली तिचं नाव. ती लेबलं चिकटवताना ते रडत होते, हे मी पाहिलं होतं. तिचं नाव राहावं एवढीच त्यांची इच्छा होती... आणि त्यासाठी ती कशाने गेली हे बदलायला ते तयार झाले होते.

माझ्या आत्याचं नाव भागरथा. गावासाठी ती भागराबाई. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, मूलच्या पुढे, वैनगंगेच्या अलीकडे. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तेव्हा तिच्याकडे औषधाला येणाऱ्या निम्म्या बाया नदीपलीकडच्या जिल्ह्यात गेल्या. कोणीतरी तिला तसं म्हणालं, तर ती म्हणाली, "जिल्हा बदलला तरी आग तिथीच होते ना, मंग?" तिचं औषध म्हणजे उशीरासव. वाळ्याची मुळं, तलावातली कमळं, लोध्र, मंजिष्ठ, चंदन, मनुका, गूळ आणि धायटीची लाल फुलं, हे सगळं मातीच्या माठात आंबवून केलेलं. गावात त्याला नुसतं 'वाळ्याचं औषध' म्हणत. उन्हाळी लागणं, लघवीची आग, पाळीत अंगावरून फार जाणं, नाकाचा घोळणा फुटणं, अशा तक्रारींसाठी बाया ते न्यायच्या. दोन चमचे औषध, दोन चमचे पाणी, जेवणानंतर. चव आंबट-तुरट आणि मागाहून जिभेवर वाळ्याचा थंडावा.

हे ती कुठे शिकली, ते ती कोणालाही न लाजता सांगायची. तरुणपणी एका वैद्यांकडे ती कुटायला जात असे. पडवीच्या बाहेर उखळ आणि आत माठ. मुळं कुटून, चाळून, सुपात भरून उंबऱ्याशी ठेवायची आणि मागे सरकायचं. "कुटायले माहे हात चालत होते. माठाले चालत नव्हते," ती म्हणायची. पण उखळाजवळून आतलं सगळं दिसायचं. माठाला जटामांसी आणि मिऱ्यांची धुरी कशी देतात, काय कशानंतर घालतात, तोंडावर कापडमाती कशी लिंपतात. छप्पन साली आमच्या घरच्यांनी दीक्षा घेतली, त्यानंतर ती वैद्यांकडे गेलीच नाही. कुंभाराकडून स्वतःचा माठ आणला, अंगणाच्या मधोमध ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी धुरी दिली. "घरात का नाही दिली?" मी एकदा विचारलं. "घरात कोण पाहाते?" ती म्हणाली.

माठ ती तणसाच्या ढिगात पुरून ठेवायची. धानाचा भाग आमचा, तणसाला तोटा नाही. महिनाभराने ढीग उकरून माठाच्या पोटाला कान लावायची. आत सळसळ ऐकू येत असेल तर पुन्हा तणीस लोटायची. आवाज थांबला की लिंपण फोडायची आणि काडी पेटवून माठाच्या तोंडाशी धरायची. काडी विझली तर औषध अजून कच्चं. जळत राहिली तर झालं. लहानपणी हे मला जादूसारखं वाटायचं. पुढे शाळेच्या प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडने काडी विझताना पाहिली, तेव्हा सगळ्या वर्गात मी एकटीच हसले होते.

आंबवलेलं आहे म्हटल्यावर तक्रार यायचीच. विहारातले एक वडीलधारे भाऊ एकदा घरी आले. मी सुट्टीत तिथेच होते. ते खाटेवर बसले, पाणी प्यायले आणि जरा अवघडून म्हणाले, "भागराबाई, आपण पाचवं शील घेतो, नशेचं काही घेणार नाही म्हणून. माठात आंबवलेलं ते आंबवलेलंच. लोकं बोलून राह्यले."

आत्या धायटीची फुलं निवडत होती. तिने मान वर केली नाही. "लोकं मोहाच्या भट्टीबद्दल काऊन नाई बोलत, भाऊ? तिथी तर लाइन लागते."

"ते बोलतोच आपण. पण तुम्ही आपल्या घरच्या..."

"चमच्यानं दारू पेणारा एक माणूस मले दाखवा. एक! चमचाभर पेऊन घरी जाऊन ज्यानं बायकोले मारलं असा. मी आत्ता माठ फोडते." मग कपाटातून बाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली. "घ्या. मागच्या महिन्यात काकूबाई घेऊन गेली ना तुमच्याच घरची? का ते शिलात बसते?"

भाऊ हसले. तिच्याशी बोलून कोणी जिंकल्याचं मला आठवत नाही. दोन दिवसांनी त्यांच्या घरून काकूबाई स्वतः आली आणि आणखी एक बाटली घेऊन गेली. अर्थात, तीही सगळं सांगून झाल्यावरच.

कारण आत्याचा नियम होता. औषध निरोपावर मिळत नसे. नवरा आला, सासू आली, पोरगं पाठवलं, तरी परत. जिला त्रास आहे तिने स्वतः यायचं, समोर बसायचं आणि काय होतं ते तोंडाने सांगायचं. 'खालचं दुखते', 'ते येते', असलं काही चालायचं नाही. "खालचं म्हणजे काय? पायाचा अंगठा?" असं ती विचारायची आणि अख्खं अंगण हसायचं. मग हसत-हसत ती बाई बोलायची. किती जातं, कसलं जातं, गाठी पडतात का, पोटुशी आहे का, पाळी चालू आहे का बंद झाली. शेवटचा प्रश्न ती कधीच विसरत नसे.

तिच्यासमोर बसायची वेळ माझ्यावर आली तेव्हाची गोष्ट सांगते. मी भद्रावतीला वाढले, बाबांच्या कारखान्याच्या वसाहतीत. शाळा इंग्रजी माध्यमाची. शाळेतल्या मुलींच्या संडासात पाय ठेवावा अशी सोय नव्हती, म्हणून आम्ही मुली दिवसभर पाणी प्यायचो नाही. एका उन्हाळ्यात गावी आले ती आग घेऊनच. आईने आत्याच्या कानात सांगितलं. आत्याने मला उखळीजवळ बसवलं. "काय होते?"

मी खाली बघून म्हटलं, "बर्निंग होतं."

"इंग्रजीत जळते त इंग्रजी दवाखान्यात जा. माह्या औषधाले इंग्रजी येत नाई."

"आत्या, आई बोलली ना तुला..."

"तुह्या आईले जळते का?"

मी रडवेली झाले. शेवटी म्हटलं, "लघवी करताना आग होते."

"लघवी पुस्तकात असते. पण चालते," ती म्हणाली. "आता सांग, पाणी काऊन नाई पेत?" शाळेच्या संडासाबद्दल तेव्हा मी पहिल्यांदा कोणाशी बोलले. औषध दोन चमचेच मिळालं, पाणी मात्र तिने तांब्या-तांब्या पाजलं. आग थांबली. पाण्याने थांबली की औषधाने, हे मी कधी ठरवू शकले नाही, आणि तिनेही कधी सगळं श्रेय घेतलं नाही. "औषध एक आणा, पाणी पंधरा आणे," ती सरळ म्हणायची. पण सुट्टी संपल्यावर बाबा शाळेत गेले आणि मुख्याध्यापकांशी भांडले, ते तिने बाबांना चारचौघांत झापल्यामुळे.

पाळी बंद झाली का, हा प्रश्न कुठून आला, तेही ती लपवत नसे. तलावावर मासे मारणाऱ्या घरातली जाईबाई तिची मैत्रीण. औषधाला लागणारी कमळं तीच आणून द्यायची, ओल्या लुगड्यात गुंडाळून, देठांसकट. जाईबाईची पाळी जाऊन वर्षं झाली होती आणि तिला पुन्हा रक्त दिसू लागलं. आत्याने औषध दिलं. रक्त कमी झालं. दोघी खूश झाल्या. पुन्हा सुरू झालं, पुन्हा औषध, पुन्हा कमी. असं करत पावसाळा गेला, हिवाळा गेला, आणि जाईबाई दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले. आत्या हे प्रत्येक बाईला सांगायची, अंगणात, मोठ्याने. "मी जाईबाईले मारलं नाई. पण मी उशीर केला. माह्या औषधानं रक्त कमी केलं अन् रोग झाकून ठेवला. म्हणून बंद झाल्यावर ज्या बाईले पुन्हा दिसलं तिनं माह्या दारात येऊ नये. सीधं दवाखान्यात." अशी कोणी आली तर बाटली देणं सोडाच, ती पिशवी भरायची आणि तिच्यासोबत एस.टी.त बसायची. किती जणींना ती अशी घेऊन गेली असेल! काहींना साधंच काही निघालं. काहींना नाही. परतल्यावर ती दोन्ही सांगायची.

गेल्या वर्षी तिला स्वतःलाच दिसलं.

पहिल्याच डागाला ती निघाली, कोणाला न विचारता. चंद्रपूरहून नागपूरला पाठवलं. मी तिथे कॉलेजात होते, म्हणून तिच्याजवळ राहायला मीच होते. तपासणीनंतर डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले आणि बाईला एवढ्यात काही सांगू नका, सूज आहे म्हणा, असं बजावून पुढच्या खाटेकडे गेले. ते वळले तशी आत्याने माझं मनगट धरलं.

"काय म्हणते तो?"

मी गप्प राहिले. मला गप्प राहायची सवय आहे.

"तुह्या तोंडावर दिसून राह्यलं सारं. नाव सांग त्याचं."

"कॅन्सर... गर्भपिशवीच्या तोंडाचा."

"बरं," ती म्हणाली. "म्हणजे जाईबाईचंच." मग चष्मा पुसला आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला विचारलं, "तुमचं काय व, बाई?" ती बाई कूस बदलून भिंतीकडे वळली. दुसऱ्या दिवशी मात्र ती बोलली. आठवडाभरात त्या वॉर्डातल्या सगळ्या बाया एकमेकींच्या रोगांची नावं घेऊन बोलू लागल्या. सिस्टर वैतागल्या, इतका गलका. शेक, म्हणजे रेडिएशन, देताना किती जळतं, नंतर लघवीला कसं होतं, नवरा भेटायला का येत नाही... सगळं. कोणीतरी विचारलं, तुम्ही तुमचं औषध का नाही आणलं? आत्या म्हणाली, "ते ह्याचं नाई. ज्याचं त्याले." घरून निघाल्यापासून तिने त्यातला एक थेंबही घेतला नव्हता. मला वाटतं, तिच्या औषधावर तिचा जेवढा विश्वास होता तेवढा काकांच्या लेबलांचाही नसेल. ते कुठवर चालतं हे माहीत असल्यामुळेच तो होता.

गावी परत गेले की सगळ्यांना बसवून सांगते, असं ती शेक घेऊन आल्यावर पडल्या-पडल्या म्हणायची. "मी पहिल्या दिवशी गेली तरी आत वाढलंच होतं, हेही सांगते. लपवायचं काय त्यात? मी काही चोरी केली का?" पण शेक पुरे होण्याआधीच तिला ताप आला, रक्त जायचं थांबेना, आणि एका सकाळी ती गेली. मी तिचा चष्मा आणि पातळाची घडी घेऊन बाबांसोबत गावी आले. गावात कोणाला काही माहीत नव्हतं. नागपूरला ऑपरेशन होतं, एवढंच.

म्हणून त्या दिवशी कप विसळताना काकांचं ते वाक्य ऐकलं आणि माझे हात थांबले.

त्यानंतर काय झालं ते आधी सांगून टाकते. काका माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. उरलेली लेबलं अजून त्यांच्या कपाटात आहेत. अंगणातल्या काही बायांना मी आगाऊ वाटले, शहरात शिकून आलेली. आत्याच्या खोलीत मात्र अजून वाळ्याचा वास येतो. नागपूरला निघायच्या आधी तिने घातलेला शेवटचा माठ तणसातून काढून काकांनीच बाटल्यांत भरला होता, त्यातल्या थोड्या तिथे फळीवर आहेत. परवा गावी गेले तेव्हा त्या खोलीत बसून हा लेख लिहायला घेतला. आता जिच्याबद्दल सांगणार आहे त्या बाईला विचारून लिहिते आहे. तिचं नाव तेवढं बदललं आहे.

तर त्या दिवशी वंदना झाली, दोघा-तिघांची भाषणं झाली. सगळ्यांनी आत्याचं मनापासून कौतुक केलं, आणि सगळ्यांनी छातीत आलेल्या कळेचा उल्लेख केला. जेवणं आटोपत आली तेव्हा नदीपलीकडून आलेली शेवंताबाई काकांजवळ गेली. पन्नाशी ओलांडलेली, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. "भाऊ, वाळ्याचं औषध आहे का उरलेलं?"

"तुमच्यासाठी नाई त कोणासाठी!" काकांचा चेहरा किती दिवसांनी उजळला. त्यांनी लेबल लावलेली पहिली बाटली आणली आणि दोन्ही हातांनी तिच्या हातात दिली. "तिचं नाव घेऊन घेजा. खात्रीचं आहे." बाटली पाहून आणखी तीन-चार बाया उठल्या.

काकांनी काही विचारलं नव्हतं. विचारणार तरी कसे? आणि ती त्यांना काय सांगणार? मी पत्रावळी उचलत होते, त्या तशाच ठेवल्या आणि तिच्याजवळ गेले. हळूच विचारलं, "मावशी, काय होतं तुम्हाला?"

ती आजूबाजूच्या माणसांकडे पाहत राहिली. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "बंद होऊन वर्सं झाली व, पोरी. आता पुन्हा दिसून राह्यलं. आता बाईच नाई, कोणाले सांगू?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं नव्हतं, पण माझा चेहरा त्यांना कळला असावा. त्यांनी अगदी थोडी मान हलवली. नको, अशी. बाबा खाली बघत होते. शेवंताबाईने बाटली पदराखाली घेतली आणि जायला वळली. मागच्या बाया हात पुढे करून उभ्या होत्या. त्यांच्यातल्या कोणाला काय होतं, हेही कोणी विचारणार नव्हतं. मी वर्गात कधी हात वर केला नाही. लग्नाकार्यात मी नेहमी आतल्या खोलीत असते. माझा आवाज कसा लागतो हे त्या अंगणातल्या निम्म्या लोकांना तोवर ठाऊक नव्हतं, आणि तो लागला तो माझ्याच कानांना परका, हवा होता त्याहून मोठा.

"शेवंतामावशी, बाटली परत द्या. माझी आत्या छातीत कळ येऊन गेली नाही. तिला पिशवीचा कॅन्सर झाला होता, तिचीही पाळी बंद झाली होती आणि तिलाही असंच पुन्हा रक्त दिसलं होतं. तिने हे औषध तोंडाला लावलं नाही, तुम्हीही लावू नका. तुम्ही दवाखान्यात चला, मी येते तुमच्यासोबत. आणि बाकीच्यांनी खाली बसा... एकेकीने सांगा, काय होतं?"